पीसीओडीच्या उपचारासाठी जळगावचा हा दवाखाना: दीड वर्षाचा अनुभव

मी फैजपूरजवळच्या एका गावात राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि जानेवारी २०२४ पासून जळगावच्या या दवाखान्यात पीसीओएससाठी, म्हणजे संप्रेरके (हार्मोन्स) बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजारासाठी, उपचार घेते आहे. आमच्या भागात या तक्रारीला सगळे सर्रास पीसीओडीच म्हणतात आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवरही बहुधा तेच लिहून येते, म्हणून शीर्षकात मीही तोच शब्द ठेवला आहे. रावेर-यावलकडच्या बाईला इथे यायचे म्हणजे आधी एसटीने भुसावळ, तिथून रेल्वेने जळगाव आणि पुढे रिक्षा, म्हणजे शाळेची एक पूर्ण रजा खर्ची पडते. ती रजा सत्कारणी लागते का, हे मला येण्यापूर्वी कोणी नीट सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून इतके सविस्तर लिहिते आहे. माझे उत्तर "होय" असे आहे. त्याचे मुख्य कारण हे की, इथे गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टर आणि आहार सांगणाऱ्या मॅडम एकमेकींशी बोलून ठरवतात आणि आहार ठरवताना त्या आपल्या खानदेशी चुलीपासून सुरुवात करतात. तक्रारीही आहेत, त्या पुढे लिहिल्या आहेत.

माझी पाळी कॉलेजात असल्यापासूनच अनियमित होती. कधी ७० दिवसांनी, कधी १०० दिवसांनी यायची आणि आली की पंधरा-वीस दिवस थांबायची नाही. एकविसाव्या वर्षी आई मला एका दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा "लग्न झाले की सगळे आपोआप सुरळीत होईल" एवढे सांगून पाळी आणायच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली गेली. पुढची सहा-सात वर्षे मी दर तीन-चार महिन्यांनी त्याच गोळ्या मेडिकलमधून आणून घेत राहिले आणि आपल्याला नेमके काय झाले आहे, हे विचारायचे असते हेही मला कळले नाही. लग्न झाले, दोन वर्षे गेली, पाळी होती तशीच राहिली. मध्यंतरी दुसऱ्या एका ठिकाणी छापील आहारपत्रक मिळाले होते, त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल होते. आमच्या गावच्या आठवडी बाजारात ब्रोकोली मिळत नाही आणि मिळाली असती तरी सात माणसांच्या घरात एका सुनेसाठी वेगळा स्वयंपाक किती दिवस चालला असता, हे सांगायला नको. ते पत्रक तीन आठवडे टिकले.

या दवाखान्यातली पहिली भेट जवळजवळ ४० मिनिटांची होती. डॉक्टर मॅडमनी आधी मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा विचारल्या आणि मला जेमतेम चारच सांगता आल्या. त्यांनी हनुवटी, ओठांवरचा भाग, पोट आणि मांड्यांवरचे केस पाहून कागदावर गुण मांडले, मानेमागचा काळवंडलेला पट्टा पाहिला, रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजला. झोप कशी लागते, घोरण्याची तक्रार आहे का, मन उदास राहते का, हेही विचारले. या आजारात उदासी आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे ते विचारणे हा तपासणीचाच भाग आहे, असे त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला डॉक्टरांच्या खुर्चीसमोर पहिल्यांदाच विचारला गेला आणि उत्तर देताना माझा आवाज भरून आला होता, हे मी इथे मोकळेपणाने लिहिते.

निदान कसे होते हे त्यांनी नीट समजावले. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांप्रमाणे तीन गोष्टी पाहतात: पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातला पुरावा असणे, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचे विशिष्ट चित्र दिसणे. या तीनपैकी दोन असतील आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक), अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरच्या ग्रंथी) यांचे विकार नाहीत याची खात्री झाली असेल, तरच पीसीओएस म्हणायचे. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवरून हा शिक्का मारता येत नाही आणि सोनोग्राफी साफ आली म्हणून तो पुसलाही जात नाही. २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही, अंडाशयातल्या बीजपुटकांचा अंदाज देणारी, रक्ततपासणीही ग्राह्य मानली आहे. माझ्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींवरच निदान होत होते, म्हणून त्यांनी ती महागडी तपासणी लिहिलीच नाही.

माझ्या जुन्या रिपोर्टवर "गाठी" हा शब्द होता आणि त्या शब्दाने मला सहा वर्षे घाबरवले होते. मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनने एक बदामाएवढा आकार काढला, त्याच्या कडेकडेने बारीक गोल काढले आणि म्हणाल्या, "या गाठी नाहीत. ही दर महिन्याला पिकणारी बीजपुटके आहेत, ती अर्ध्यावर थांबली आहेत. ऑपरेशन करून काढण्यासारखे यात काहीही नाही." १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत लिहिली, तेव्हापासून अंडाशयाच्या दिसण्यावरून हे नाव रूढ होत गेले. खरी गडबड मात्र संप्रेरकांची आणि इन्सुलिनची असते. ती चिठ्ठी मी अजून फाईलमध्ये जपून ठेवली आहे.

रक्ततपासण्यांत थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि चरबीच्या तपासणीबरोबर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची तपासणी होती. उपाशीपोटीची साखर ९८ आली, म्हणजे तेवढ्यावर थांबले असते तर मी निर्धास्त घरी गेले असते. दोन तासांनंतरची मात्र १५२ आली. १४० ते १९९ या टप्प्यात ती आली की मधुमेह नसतो, पण शरीराला साखर नीट हाताळता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी ही दोन तासांची तपासणी टाळू नये, असे मला या अनुभवावरून मनापासून वाटते. माझ्या वडिलांना चाळिशीतच साखर निघाली होती आणि तरीही आजवर कोणी माझी ही तपासणी केली नव्हती.

औषधांचे दोन भाग होते. पहिला म्हणजे संयुक्त संप्रेरक गोळ्या, ज्यांना आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या गोळ्या म्हणून ओळखतात. आम्हाला वर्षभर मूल नको होते, म्हणून हा मार्ग खुला होता. या गोळ्यांनी यकृतात एक प्रथिन वाढते, ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकाला, बांधून ठेवते, त्यामुळे मुरमे आणि केस यांवर हळूहळू फरक पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण होते. पाळी तीन-तीन महिने आली नाही तर ते अस्तर जाड होत राहते आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर त्याच्या कर्करोगाची जोखीम वाढते, हे मला कोणीच सांगितले नव्हते. लिहून देण्यापूर्वी मॅडमनी अर्धशिशी आहे का, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते का, घरात कोणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, तंबाखू किंवा मिसरीची सवय आहे का, हे एकेक करून विचारले. मिसरीचा प्रश्न आमच्या भागात फार गरजेचा आहे आणि तो अवघडल्याशिवाय विचारला गेला, याचे मला कौतुक वाटले. गोळ्या चालू असताना दर महिन्याला येणारा रक्तस्राव हा गोळ्यांत काही दिवस खंड पडल्यामुळे येतो, आजार बरा झाल्याची ती खूण नाही, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. त्यामुळे पुढे गोळ्या बंद केल्यावर पाळी थोडी लांबली तेव्हा मी खचले नाही.

दुसरे औषध मेटफॉर्मिन. ते मुळात मधुमेहाचे औषध आहे आणि पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला ते लागतेच असे नाही. माझी दोन तासांची साखर वाढलेली होती म्हणून ते दिले गेले. इन्सुलिन फार वाढले की ते अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते, शरीर इन्सुलिनला बरा प्रतिसाद देऊ लागते आणि ते चक्र सैल पडते. रात्रीच्या जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अशी सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात तोंडाला धातूची चव आणि मळमळ, दुसऱ्या आठवड्यात जुलाब. एकदा तर भुसावळच्या बसमधून मला मध्येच उतरावे लागले आणि त्या दिवशी मी गोळ्या नाल्यात टाकून देण्याच्या बेतात होते. दवाखान्याच्या नंबरवर फोन केला तेव्हा सिस्टरनी दहा मिनिटांत मॅडमना विचारून उलट फोन केला, गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात बदलून दिली आणि मात्रा वाढवण्याचा वेग कमी केला. १५०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचायला मला सात आठवडे लागले, पण पोहोचले. औषध सुरू करणे सोपे असते, अशा दोन-तीन वाईट आठवड्यांत रुग्णाला सांभाळून घेणे अवघड असते आणि तिथे हा दवाखाना उभा राहिला.

सासूबाईंचा या गोळीला फार विरोध होता. गावच्या मेडिकलमधून मी एकदा पाकीट आणले आणि चार दिवसांत "मास्तरीणबाईला शुगर झाली" ही बातमी गल्लीभर पसरली. तेव्हा सासूबाईंनी मला ओट्यावर बसवले आणि हातातली भाजी बाजूला ठेवून विचारले, "खरं सांग, काय झालं तुले?" मी मॅडमनी काढलेले ते चित्र त्यांना दाखवले आणि माझ्या परीने समजावले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गोळी घ्यायाची तं घे, पन उपाशीपोटी घेऊ नको माय." त्या दिवसापासून माझे ताट वाढल्यावर गोळीचे पाकीट ताटाशेजारी आणून ठेवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. सुरुवातीला माझे ब१२ २९० होते, वर्षाने तपासले तेव्हा १९० निघाले आणि मग गोळ्या सुरू झाल्या. ही तपासणी त्यांनी स्वतःहून आठवणीने लिहिली. जिथे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू आहे आणि पायांना मुंग्या येतात, तिथे डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

आता आहाराकडे येते, कारण मला सर्वांत जास्त इथेच लिहायचे आहे. आहारतज्ज्ञ मॅडम फक्त बुधवारी दुपारी बसतात. पहिल्या भेटीआधीच फोनवर निरोप आला की घरात रोज वापरात असलेली आमटीची वाटी आणि तेलाची पळी सोबत आणा. मला वाटले ऐकण्यात काही चूक झाली. पण मी दोन्ही वस्तू पिशवीत घालून गेले. त्यांनी माझी पळी पाण्याने भरून मोजपात्रात ओतली आणि ती १५ मिलीची निघाली, तेव्हा मला धक्काच बसला, कारण सकाळच्या भाजीत अशा पाच पळ्या जातात हे मीच त्यांना नुकते सांगितले होते. मग त्यांनी विचारले की पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो. आम्ही सात माणसे आहोत आणि डबा चौदा दिवसांत संपतो. गणिताच्या शिक्षिकेला हे तोंडी करायला वेळ लागला नाही: माणशी दिवसाला ५१ मिली तेल, आणि त्यात तुपाचा हिशेब नाही. त्यांनी तेल बंद करायला सांगितले नाही. डबा बावीस दिवस पुरवून दाखवा, एवढेच सांगितले. शेवभाजीची तर्री आधी वाटीतून काढून ठेवावी, फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा वापरावा, वरण-बट्टीच्या बट्ट्या तळण्याऐवजी वाफवून तव्यावर परतून घ्याव्यात, अशा बारीक सूचना होत्या. मार्चमध्ये आमचा डबा एकवीस दिवस पुरला. त्यात सासऱ्यांच्या रक्तदाबाचाही फायदा झाला असावा, असे मला वाटते, कारण हे जेवण सगळ्या घराचे होते.

दुसरी गोष्ट भाकरीची. मी त्या आधीच्या पत्रकामुळे भाकरी सोडून दोन पातळ पोळ्यांवर आले होते आणि चार वाजता शाळेत बिस्किटांचा पुडा संपवत होते. मॅडमनी विचारले, "तुमच्याकडे कळण्याची भाकरी करतात ना? मग ती सोडून हे काय करत बसलात?" कळण म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद दळलेले पीठ. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद असे प्रमाण होते, ते त्यांनी तीनास एक करायला सांगितले. उडदामुळे प्रथिने वाढतात, सालाचा कोंडा पोटात जातो आणि साखर एकदम चढत नाही. सोबत घोटलेली उडदाची डाळ किंवा मुगाचे वरण, एक वाटी हिरवी भाजी, कच्चा कांदा आणि ताक. जेवताना आधी भाजी आणि डाळ, मग भाकरी. दुपारी एक भाकरी आणि पोटभर भाजी-डाळ घेतल्यावर चार वाजताची ती भूक तिसऱ्या आठवड्यात गेली. मला आजही याचे नवल वाटते, कारण बिस्किटांची ती ओढ हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

भरीताच्या बाबतीत त्या स्वतःच उत्साहाने बोलल्या. हिवाळ्यात आमच्याकडे बामणोदची ती मोठी, हिरवट पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. जळगावच्या या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. वांगे भाजल्यावर त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालतात आणि वरून तेलाची धार सोडतात, ती दोन चमच्यांवर आणा आणि मग हवे तेवढे भरीत खा, असे त्यांनी सांगितले. त्याच्यासोबतच्या कळण्याच्या पुऱ्यांच्या जागी कळण्याची भाकरी. डिसेंबरमध्ये शेतात भरीताची पार्टी झाली तेव्हा मी सर्वांबरोबर पंगतीत बसून जेवले. मागच्या वर्षी त्याच पंगतीत मी डब्यातली काकडी खात एका कडेला बसले होते.

केळीचा प्रश्न आमच्या पट्ट्यात टाळता येत नाही. घरची बाग केळीची, दारात घडांचे ट्रक उभे, आणि प्रत्येक जण म्हणतो की पीसीओडीत केळी विष आहे. मॅडमनी केळी बंद केली नाही. फार पिकलेले, काळे ठिपके पडलेले केळ नको, शिकरण नको, दूध-साखरेत घुसळून नको. एक मध्यम केळ मूठभर शेंगदाण्यांबरोबर आणि शक्यतो चालून आल्यावर. आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) त्यांनी अशीच तडजोड काढून दिली. माहेरी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असणारच आणि ती मी खावी, फक्त रसात वरून साखर घालू नये, त्या जेवणात भात नको आणि संध्याकाळी झोक्यावर बसण्याआधी अर्धा तास चालून यावे. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कोणताच एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरलेला नाही. जो समतोल आहार त्या बाईला तिच्या घरात पाळता येईल तो चांगला, हीच भूमिका इथे मला प्रत्यक्षात दिसली.

व्यायामाबद्दल थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४४ अंशांच्या वर जातो, म्हणून पहाटे साडेपाचला केळीच्या बागेच्या बांधावरून चालणे आणि घरी बैठका. सुरुवातीला दहा बैठकांत पाय थरथरत होते, आता तीस होतात.

आता हिशेब. दीड वर्षात वजन ७४ वरून ६९ किलोवर आले. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितले होते की वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी पाळीवर फरक दिसू शकतो आणि ज्यांचे घटत नाही त्यांनाही चांगल्या आहाराचा फायदा होतोच. संयुक्त गोळ्या फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवल्या, कारण आता आम्हाला मूल हवे आहे. त्यानंतर पाळ्या ४१, ३६ आणि ३८ दिवसांनी आपल्या आपण आल्या. दोन तासांची साखर १२८ झाली. मानेचा काळा पट्टा निम्म्याने फिका झाला आहे. हनुवटीवरच्या केसांचे मात्र फारसे काही झालेले नाही. ते थोडे मऊ झाले, वाढीचा वेग कमी झाला, पण दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करावेच लागते. त्यावर स्पायरोनोलॅक्टोन नावाचे औषध असते, परंतु गर्भ राहण्याची शक्यता असताना ते देत नाहीत, त्यामुळे तो मार्ग माझ्यासाठी सध्या बंद आहे. लेझरची सोय इथे नाही. सध्या फॉलिक ॲसिड चालू आहे आणि काही महिने वाट पाहून गरज पडली तर लेट्रोझोल देऊ, असे ठरले आहे. बीज पिकवण्यासाठी आज पहिल्या पसंतीचे हे औषध. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली. माझ्या मावसबहिणीने बंदीच्या काळात त्याच्याबद्दल भलतेसलते ऐकले होते, म्हणून मी घाबरून विचारले, तेव्हा मॅडमनी हा सगळा इतिहास शांतपणे सांगितला.

तक्रारींपैकी मला सर्वांत जास्त लागलेली वजनकाट्याची. पहिले सहा महिने वजनकाटा बाहेर बाकांच्या समोर ठेवलेला होता आणि तिथली मुलगी आकडा मोठ्याने वाचून दुसरीला लिहायला सांगत असे. समोर वीस माणसे बसलेली, त्यांत गावाकडची ओळखीचीही असत. एक कॉलेजची मुलगी काट्यावरून उतरून डोळे पुसत बाहेर निघून गेली, ते मी पाहिले आणि त्या दिवशी आत जाऊन डॉक्टरांना ते सांगितले. पुढच्या वेळी काटा आतल्या खोलीत पडद्यामागे गेला होता. ऐकून घेतले याचे समाधान आहे, पण असे सांगावे लागू नये.

दुसरी तक्रार दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलची आहे. चिठ्ठीत नसलेली प्रोटीनची पावडर "पीसीओडीवाल्या सगळ्याच नेतात" म्हणून माझ्या पिशवीत घालण्याचा दोनदा प्रयत्न झाला. एकदा चिठ्ठीवरही इनोसिटॉल या पूरक पदार्थाची पुडी होती, तिचा तीन महिन्यांचा खर्च माझ्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त झाला. मी विचारल्यावर मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितले की त्याचा पुरावा मर्यादित आहे आणि परवडत नसेल तर बंद केले तरी चालेल. मग ते आधीच का सांगितले नाही, हा माझा प्रश्न कायम आहे. मेटफॉर्मिन मी आता भुसावळच्या जनऔषधी केंद्रातून घेते, तिथे ते पुष्कळ स्वस्त पडते आणि डॉक्टरांची त्याला काहीच हरकत नव्हती.

शनिवारी गर्दी असते. वेळ घेऊन गेले तरी अडीच-तीन तास बसावे लागते आणि परतीची गाडी चुकते, म्हणून बाहेरगावच्या बायकांनी शक्यतो मंगळवार किंवा गुरुवारची सकाळ घ्यावी.

मे महिन्यात मी माझ्या सतरा वर्षांच्या नणंदेला इथे घेऊन आले. तिची पाळी दोन-दोन महिने चुकत होती आणि चेहऱ्यावर मुरमे होती, म्हणून मी सोनोग्राफी करूनच टाका, असा आग्रह धरला. मॅडमनी नकार दिला. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत अंडाशयाचे ते चित्र निरोगी मुलींतही दिसू शकते, त्यावरून निदान करू नये, असे त्यांनी सांगितले. थायरॉईड आणि रक्ताची तपासणी केली, पाळीच्या तारखा लिहायला सांगितल्या आणि आहाराच्या मॅडमकडे पाठवले. खर्च कमी झाला हे तर आहेच, पण ती मुलगी "गाठी" हा शब्द कानावर न पडता घरी आली.

आहारतज्ज्ञ मॅडमची वेळ फक्त बुधवारी दुपारी दोन ते पाच असणे, ही नोकरी करणाऱ्या बायकांची मोठी अडचण आहे. मला दर वेळी अर्धी रजा टाकावी लागते आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचा तर त्या दिवसाचा रोजच बुडतो. मधल्या भेटी फोनवर घेण्याची सोय त्यांनी आता केली आहे, मात्र पहिली भेट समोरासमोरच होते. महिन्यातून एक रविवार ठेवावा, अशी लेखी विनंती मी आणि आणखी चार जणींनी मिळून स्वागतकक्षात दिली आहे. विचार करतो असे उत्तर मिळाले, वेळ अजून बदललेली नाही.